‘नेपथ्य समर्पक होते’ : ग्लुकच्या ऑर्फियसच्या निमित्ताने एक तक्रार

मराठी नाट्यपरीक्षणांत एक वाक्य गेली कित्येक दशके ठाण मांडून बसले आहे. ‘नेपथ्य समर्पक व प्रकाशयोजना पूरक होती.’ ते बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येते, कथानक सांगून झाल्यावर, अभिनयाला गुण वाटून झाल्यावर, आणि निर्मात्याचे आभार मानण्याच्या थोडे आधी. समर्पक म्हणजे कशाला समर्पक, पूरक म्हणजे कोणत्या उणिवेला पूरक, हे विचारण्याची पद्धत नाही. आम्ही महाविद्यालयांत मराठी साहित्य शिकवणारी माणसे या वाक्याची खरी उगमस्थाने आहोत, असे आमचे मत आहे. नाटक म्हणजे संहिता, संहिता म्हणजे संवाद, आणि उरलेला सगळा सुतार, शिंपी व वीजतंत्री यांचा कारभार, ही वाटणी वर्गात होते. परीक्षणकार ती नंतर फक्त छापतात.

गंमत अशी की ज्या परंपरेचा हवाला देऊन आपण संहितेला गाभाऱ्यात बसवतो, तिला ही वाटणी ठाऊक नव्हती. नाट्यशास्त्राने अभिनय चार प्रकारचा सांगितला, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेश, रंगभूषा, अलंकार, रंगमंचावर आणायच्या कृत्रिम वस्तू हे सारे ‘आहार्य’, आणि त्याची गणना अभिनयात आहे, सजावटीत नाही. ‘नेपथ्य’ हा शब्दही संस्कृतात वेशभूषेचा आणि नट जिथे वेश करतो त्या पडद्यामागच्या जागेचा आहे. मराठीत येता येता त्याचा अर्थ ‘मागे उभे केलेले दृश्य’ असा झाला. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याला इलाज नाही. परंतु या बदलात वस्तू अभिनय करते ही समजच हरवली, आणि ते नुकसान शब्दकोशापुरते राहिले नाही.

एक उदाहरण देतो. आमच्यापैकी एकाच्या विद्यार्थिनीने ग्लुकच्या ‘ऑर्फेओ एद एउरिदिचे’ या ऑपेराची रंगमंचीय रचना ही पुराकथेची समीक्षा कशी ठरते, या विषयावर शोधनिबंधाचा आराखडा केला. समितीने तो परत पाठवला. कारणे दोन : नेपथ्य हा साहित्याचा विषय नव्हे, आणि ऑपेरा हा आपला विषय नव्हे. दुसऱ्या कारणाशी आम्ही वाद घालत बसणार नाही. ज्या विभागांत गो. वि. करंदीकरांच्या मराठीतून अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र शिकवले जाते, सोफोक्लीजची शोकात्मिका नेमली जाते, तिथे ग्रीक कथा गायिली की परकी आणि बोलली की आपली, हे तर्कशास्त्र आमच्या आकलनापलीकडचे आहे. पहिल्या कारणाशी मात्र वाद आहे आणि तो इथेच, याच ऑपेराच्या आधारे घालायचा आहे.

आधी कृतीविषयी आवश्यक तेवढे. ‘ऑर्फेओ’चा पहिला प्रयोग ऑक्टोबर १७६२ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये, सम्राट फ्रान्सिसच्या नामदिनानिमित्त झाला. संहिता रानिएरी दे काल्साबीजीची, नृत्यरचना आंजोलीनीची, दृश्यरचना क्वालिओची, आणि ऑर्फियसच्या भूमिकेत ग्वादान्यी हा कास्त्रातो गायक. पात्रे तीनच : ऑर्फियस, युरिडिसी, आमोर म्हणजे प्रेमदेव. बाकी सारा गायकवृंद, जो एकदा शोक करणारी माणसे होतो, एकदा पाताळाच्या दारावरच्या फ्युरी होतो, एकदा एलिसियममधले धन्य आत्मे होतो. त्या काळच्या इटालियन ऑपेरातली उपकथानके, गैरसमज, दुय्यम प्रेमिक यांना येथे जागाच नाही. पुढे १७६९ मध्ये छापल्या गेलेल्या ‘आल्चेस्ते’च्या प्रस्तावनेत ग्लुकच्या नावाने जो साधेपणाचा जाहीरनामा निघाला, त्याचे प्रात्यक्षिक आधीच येथे झालेले होते.

आता ‘मूळ कृतीशी प्रामाणिक राहा’ असे बजावणाऱ्यांकडे वळू. ही मंडळी दोन्ही खंडांत भेटतात. ग्रीक कथा आहे ना, मग पांढरे खांब उभारा, अंगरख्यांना चुण्या घाला, वीणेसारखे काहीतरी हातात द्या, की झाला प्रामाणिकपणा. आमचा प्रश्न, मूळ कोणते? १७६२चे इटालियन, ज्यात नायक कास्त्रातो आहे? १७७४चे पॅरिसचे फ्रेंच, ज्यात ग्लुकनेच नायकाची भूमिका लग्रो या उंच पट्टीच्या पुरुष गायकासाठी नव्याने बेतली, नृत्ये वाढवली, आणि फ्युरींच्या नृत्यासाठी आपल्याच ‘डॉन जुआन’ या १७६१च्या बॅलेतले संगीत उचलून आणले? की १८५९चे, ज्यात बर्लिओझने दोन्ही पाठ एकत्र करून पोलीन व्हियार्दो या गायिकेला ऑर्फियस केले? आणि यांपैकी कोणत्या प्रयोगात ग्रीस होते? व्हिएन्नातल्या प्रेक्षकाने पाहिले ते रंगवलेल्या पाख्यांचे आणि पडद्यांचे, यथार्थदर्शनाच्या नियमांनी आखलेले अठराव्या शतकातले दरबारी अरण्य. त्या पडद्यांचे दूरचे नातेवाईक आपल्यालाही परिचित आहेत. पारशी रंगभूमीच्या मार्गाने ते किर्लोस्करांच्या काळात आपल्याकडे आले, आणि जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा असे पेटाऱ्यांत गुंडाळून गावोगाव फिरले. त्यांची टर उडवणारा समीक्षक ग्रीक खांबांपुढे मात्र नतमस्तक होतो. खांब हासुद्धा पेटाऱ्यातला पडदाच आहे. लाकडी आहे, एवढाच फरक.

काल्साबीजीच्या रंगसूचना वाचल्या की कळते की तो स्थळे सांगत नाही, अवस्था सांगतो. लॉरेल आणि सायप्रसच्या वृक्षांचे रम्य पण एकाकी उपवन, मध्ये युरिडिसीची कबर. मग कोकायटस नदीपलीकडची भीषण गुहा, काळोख्या धुराला आतून ज्वाळांचा उजेड. मग एलिसियम. मग पडक्या खडकांची, झुडपांनी माखलेली, वळणावळणांची अंधारी वाट. शेवटी प्रेमदेवतेचे मंदिर. रम्य पण एकाकी, यातला ‘पण’ कसा बांधायचा, हा नेपथ्यकाराचा प्रश्न आहे, आणि तो सर्वस्वी वाङ्मयीन प्रश्न आहे. रम्यता रंगवता येते. एकाकीपण मात्र गायकवृंदातली पन्नास माणसे भोवती उभी असताना दाखवायचे आहे. ऑर्फियसला पहिल्या समूहगीतात फक्त एक शब्द आहे, तिचे नाव, आणि तोही तीनदा. सारा समाज विधिवत, सुरेल शोक करतो आहे आणि एक माणूस त्या शोकात मावत नाही. (लग्रोला ग्लुकने, कोणी तुझे हाड करवतीने कापत असल्यासारखा ओरड, असे सांगितल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका असो वा नसो, सल्ला योग्य आहे.) आता कबर मंचाच्या मधोमध ठेवली आणि ऑर्फियसला तिच्यावर पालथा टाकला तर तो शोकाचा केंद्रबिंदू होतो, समाजाचाच प्रतिनिधी होतो. कबर एका कडेला, गायकवृंद तिच्याभोवती आणि ऑर्फियस तिच्यापासून दूर, अशी मांडणी केली तर तो आपल्याच पत्नीच्या अंत्यविधीत उपरा ठरतो. एकही स्वर बदललेला नाही. अर्थ बदलला. याला समीक्षा म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे?

प्रारंभसंगीताचा विचारही येथेच केला पाहिजे. ‘ऑर्फेओ’चे ओव्हर्चर झगझगीत, समारंभी, नामदिनाला साजेसे आहे, पुढच्या शोकाशी त्याचा धागा जुळत नाही. प्रारंभसंगीताने पुढच्या कार्याची चाहूल दिली पाहिजे हे तत्त्व ‘आल्चेस्ते’च्या प्रस्तावनेत नंतर आले. आजचे अनेक दिग्दर्शक ही पोकळी भरण्यासाठी याच वेळी मूकनाट्य घालतात : लग्न, नाच, गवतातला साप, कोसळणारी वधू. आम्हांला हा उद्योग अडाणीपणाचा वाटतो. मॉन्टेव्हर्डीच्या १६०७च्या ‘ऑर्फेओ’त लग्न आहे, आनंद आहे, मग दूती येऊन सर्पदंशाची वार्ता सांगते. काल्साबीजीसमोर ती सारी परंपरा होती. तरीही त्याने लग्न आणि साप दोन्ही गाळले. पडदा उघडतो तेव्हा मृत्यू होऊन गेलेला असतो, युरिडिसी आपल्याला अज्ञात असते, ऑर्फियसच्या शोकाखेरीज तिचा दुसरा पुरावा आपल्यापाशी नसतो. तिला आपण प्रथम पाहावे ते एलिसियममध्ये, मेलेल्यांत, शांत. मग पुढच्या अंकात ती बोलू लागते, तक्रार करते, भांडते, आणि आपल्याला धक्का बसतो की जिच्यासाठी हे सारे चालले होते तिला स्वतःचे मन आहे. ओव्हर्चरमध्ये हसरी वधू नाचवून दिग्दर्शक हा धक्का आधीच खर्चून टाकतो. प्रारंभसंगीत चालू असताना पडदा बंद ठेवण्याचे धैर्य नेपथ्यकारात असावे.

दुसऱ्या अंकाविषयी बोलताना हेलेराऊचा उल्लेख टाळता येत नाही, आणि टाळूही नये. ड्रेस्डेनजवळच्या या वसाहतीत टेसेनोव्हने बांधलेल्या सभागृहात १९१२ साली दाल्क्रोझच्या संस्थेने ‘ऑर्फेओ’चा पाताळाचा प्रवेश केला आणि १९१३ साली संपूर्ण कृती. अवकाशरचना आडोल्फ आपियाची. पडदे नाहीत, खांब नाहीत, ज्वाळा नाहीत, चित्रचौकटीसारखी कमान नाही. पायऱ्या होत्या. सभागृहाच्या भिंतींना पारभासक कापड लावून त्यामागे हजारो दिवे बसवले होते. साल्झमानच्या या योजनेमुळे प्रकाश एखाद्या वस्तूवर पडण्याऐवजी साऱ्या अवकाशातूनच उगवत असे. फ्युरी पायऱ्यांवर पसरलेल्या, आणि ऑर्फियस वरून त्यांच्यात उतरतो. पायरी ही वस्तू किती निर्विकार! तरी तिच्यात एक सक्ती आहे : शरीराला तिच्यावरून सरळ, सहज चालता येत नाही, प्रत्येक पाऊल ठरवून टाकावे लागते, आणि ते पाऊल संगीताच्या मात्रेशी बांधले जाते. ग्लुकच्या या प्रवेशात ऑर्फियसची विनवणी आणि फ्युरींचा ‘नाही’ हा एकाक्षरी नकार यांची झुंज आहे. नकार हळूहळू मंदावतो, शब्द तोच राहून सूर मऊ होतो, वाट मोकळी होते. पायऱ्यांवर ही झुंज डोळ्यांना मोजता येते, कारण प्रत्येक नकाराला एक पायरी अडते आणि प्रत्येक सैलावण्याला एक पायरी सुटते. ग्लुकने येथे दोन वाद्यवृंद योजले आहेत, हार्पसह दुसरा मंचामागे. म्हणजे ऑर्फियसच्या वीणेचा आवाज त्याच्या हातातून येत नाही, अदृश्य ठिकाणाहून येतो. हे कळल्यावरही ज्याला नायकाच्या हातात सोनेरी मुलाम्याची वीणा द्यावीशी वाटते, त्याने स्वरलिपी उघडलेली नाही, असे आम्ही समजतो.

नाट्यशास्त्रातला कक्ष्याविभाग ज्यांनी वाचला आहे त्यांना आपिया परका वाटणार नाही. नटाने परिक्रमा केली की स्थळ बदलले. मंचाचे भाग कल्पनेने ठरतात आणि चालण्याने सिद्ध होतात. आपियाने भरतमुनी वाचला होता असा आमचा दावा नाही. एवढेच म्हणतो, की रिकामी जागा हे दारिद्र्य नसून व्याकरण आहे, हे समजण्यासाठी मराठीच्या अध्यापकाला जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती.

आता या कृतीतल्या सर्वांत अवघड जागेकडे येतो. अट अशी : बाहेर पडेपर्यंत तिच्याकडे पाहायचे नाही, आणि का पाहत नाही हे तिला सांगायचेही नाही. मौनाची ही अट कथेची सारी दिशा बदलते. व्हर्जिलच्या काव्यात ऑर्फियसला अचानक वेड ग्रासते आणि तो वळतो. ओव्हिडकडे ती मागे राहील ही भीती आणि तिला पाहण्याची ओढ त्याला वळवते. दोन्हीकडे युरिडिसी जवळजवळ मुकी आहे. काल्साबीजीकडे ती बोलते. हात धरून ओढतोस, पण तोंड का फिरवतोस, मी तुला नकोशी झाले का, अशा निरपेक्ष प्रेमाला साजेलशा, पण असह्य प्रश्नांनी ती त्याला घेरते. शेवटी तो वळतो तो दुबळेपणाने की दयेने, हे ठरवणे कठीण व्हावे अशी रचना आहे. स्त्रीच्या बोलण्याचा हा परिणाम, म्हणजे पुन्हा दोष तिच्याच माथी, असा आक्षेप घेता येतो आणि आमच्यापैकी काहीजणी तो घेतातही. असो.

नेपथ्यकाराची पंचाईत वेगळीच आहे. ऑपेरात प्रेमिक एकमेकांकडे पाहून गातच नाहीत! ते प्रेक्षकांकडे, खरे तर वाद्यवृंदाच्या संचालकाकडे पाहून गातात. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे सांगायला नको. शकुंतला दुष्यंताला जे म्हणायचे ते समोरच्या खुर्च्यांना म्हणत असे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. मग जिथे न पाहणे हाच संकेत आहे, तिथे न पाहण्याची अट दिसणार कशी? ऑर्फियस समोर तोंड करून गातो आहे, युरिडिसी त्याच्या मागे समोर तोंड करून गाते आहे, आणि प्रेक्षकाला वाटते हा नेहमीचा ऑपेराच चालला आहे. अट कानाला कळते, डोळ्याला कळत नाही. म्हणून वळण्याचा क्षण बहुतेक प्रयोगांत फुसका ठरतो : एक गायक मान फिरवतो, दुसरी खाली बसते, दिवे निळे होतात.

यावर उपाय आहेत, पण ते या प्रवेशात सापडत नाहीत. अगोदरच्या अंकांत ‘पाहणे’ ही ठळक कृती करून ठेवावी लागते. शोकविधीत गायकवृंद कबरीकडे पाहतो. फ्युरी ऑर्फियसकडे रोखून पाहतात. एलिसियममध्ये धन्य आत्मे एकमेकांकडे पाहतात, किंवा कोणीच कोणाकडे पाहत नाही. हा हिशेब आधी मांडलेला असला तरच तिसऱ्या अंकात न पाहण्याची किंमत कळते. वाटेची रुंदी हाही प्रश्न आहे. एकच माणूस मावेल एवढी वाट केली तर मागे राहणे ही जागेची सक्ती होते आणि अटीचा जाच उणावतो. वाट रुंद, प्रशस्त ठेवली, शेजारी चालणे सहज शक्य असतानाही तो पुढे आणि ती मागे, तर जाच दुप्पट होतो. काल्साबीजीने अंधारी वाट सांगितली आहे. अंधार खरा केला तर न पाहण्यात पराक्रम कोणता? आमच्या मते येथे लख्ख उजेड हवा. रंगसूचनेचा शब्द मोडून तिचा अर्थ राखला जाईल. संहितानिष्ठांनी यावर जरूर चिडावे. पण चिडण्यापूर्वी उत्तर द्यावे.

२०१४ साली रोमेओ कास्तेलुच्चीने व्हिएन्ना आणि ब्रसेल्स येथे केलेल्या प्रयोगाने हा प्रश्न उलटा फिरवला. इस्पितळात अंथरुणाला खिळलेल्या, हालणे-बोलणे हरपलेल्या एका खऱ्या स्त्रीचे दृश्य, घरच्यांच्या व डॉक्टरांच्या सहकार्याने, प्रयोग चालू असतानाच कॅमेऱ्यातून मंचावर येत होते, आणि मंचावरचे संगीत त्याच वेळी तिच्या कानांपर्यंत पोहोचवले जात होते. एलिसियम म्हणजे ना जिवंत ना मृत अशी अवस्था, हा अर्थ. बऱ्याच जणांनी याला सवंग क्लृप्ती म्हणून निकालात काढले. आम्ही तसे म्हणणार नाही. पुराकथेतला पाताळप्रवास आज कुठे घडतो, या प्रश्नाला इतके गंभीर उत्तर नेपथ्याच्या भाषेत क्वचितच कोणी दिले असेल. त्याने पाहण्याचा गुन्हा ऑर्फियसकडून काढून प्रेक्षकाच्या माथी मारला. पण आमचा आक्षेप याच ठिकाणी आहे, आणि तो वाङ्मयीनही आहे, नैतिकही. ऑर्फियस पाहतो आणि त्याची किंमत मोजतो. प्रेक्षक पाहतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. ऑपेरा युरिडिसीला परत आणतो. कॅमेऱ्यापलीकडची स्त्री इस्पितळातच राहते. तिचे खरे असणे हे कलाकृतीने उसने घेतलेले भांडवल आहे, आणि ते फेडण्याची सोय त्या रचनेत नाही. संमती असली म्हणून रूपकात वापरले जाणे हे वापरले जाणेच राहते. आमचे हे म्हणणे चुकीचे ठरवता येईल, त्यावर कडाक्याचे भांडण होऊ शकेल. पण असे भांडण ‘नेपथ्य समर्पक होते’ या वाक्याशी होऊ शकत नाही.

उलट, २००७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात मार्क मॉरिसने केलेल्या प्रयोगाविषयी आमच्या मनात फारशी दुविधा नाही. आयझॅक मिझराहीने गायकवृंदातल्या प्रत्येकाला इतिहासातल्या एकेका नामवंताचा वेश चढवला आणि सज्ज्यांसारख्या थरांवर त्यांना बसवले. मृत्यूलोकात सारे इतिहासपुरुष प्रेक्षक होऊन बसले आहेत, ही कल्पना ऐकायला बरी. चित्रफितीवर पाहताना मात्र आम्ही स्वतःच, ऑर्फियस विलाप करीत असताना, तो बघा अमुक, ती बघा तमुक, असे ओळखपरेडीचे उद्योग करीत होतो. वेश अभिनय करतो, हे आम्ही वर म्हटलेच आहे. येथे तो नायकापेक्षा मोठ्याने अभिनय करीत होता.

राहिला शेवट. युरिडिसी दुसऱ्यांदा मरते, ऑर्फियस आपले प्रसिद्ध विलापगीत गातो, मग जीव द्यायला निघतो, आमोर येऊन त्याला अडवतो, तुझी परीक्षा पुरी झाली म्हणून तिला पुन्हा जिवंत करतो, आणि नाचगाण्याने समाप्ती. आधुनिक रंगभूमीला या गोडव्याची लाज वाटते. पिना बाउशने १९७५ साली वुपरटालमध्ये केलेल्या नृत्य-ऑपेरात तो गाळलाच. शोक, हिंसा, शांती, मरण अशी चार नावे देऊन तिने मरणावर कृती संपवली. प्रत्येक पात्राला एक गाणारी आणि एक नाचणारी अशी दोन शरीरे दिली. ही सलग, कठोर आणि सुंदर रचना आहे, आणि ती ग्लुकची दुरुस्ती आहे हे ती लपवत नाही. आमचा राग आहे तो लपवणाऱ्यांवर : जे आनंदी शेवट ठेवतात आणि आमोरला विदूषकी पोशाख घालून, मंदिरावर चमचमते दिवे लावून प्रेक्षकाला डोळा मारतात. बघा, आम्हांलाही हे पटत नाही! न पटणारे गाळावे, नाहीतर त्याचा अर्थ लावावा. टवाळी हा तिसरा मार्ग आळशाचा आहे.

आपल्या वाचकाला हा शेवट लाजिरवाणा वाटण्याचे खरे तर कारण नाही. ‘विक्रमोर्वशीय’ त्याने वाचलेले असते. लता झालेली उर्वशी संगमनीय मण्याने परत मिळते आणि शेवटी नारद इंद्राचा निरोप घेऊन येतो. आदिपर्वातल्या रुरू-प्रमद्वरेची कथा तर ऑर्फियसच्या कथेची सख्खी बहीण शोभावी. लग्नाआधी प्रमद्वरेला साप चावतो, ती मरते, रुरू अरण्यात विलाप करतो, देवदूत त्याला उपाय सांगतो आणि तो आपले अर्धे आयुष्य देऊन तिला उठवतो. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मध्ये फीड्रस ऑर्फियसवर ठपका ठेवतो की हा गवई भित्रा, प्रेमासाठी मरायला तयार नव्हता, जिवंतपणीच पाताळात शिरू पाहत होता, म्हणून देवांनी त्याला पत्नीची नुसती छाया दाखवली. रुरूने या आरोपाला उत्तर दिले आहे. त्याच्या गोड शेवटाला अर्ध्या आयुष्याची किंमत आहे. ग्लुकच्या शेवटाला ती आहे का? विलापगीतानंतर ऑर्फियस मरायला निघतो, तेव्हाच आमोर येतो. म्हणजे काल्साबीजीला प्लेटोचा आरोप खोडायचा होता, असे वाचता येईल. ज्याला हे वाचन मान्य आहे त्या नेपथ्यकाराने मरायला निघण्याची कृती क्षणभंगुर ठेवून चालणार नाही. शस्त्र, कडा, पाणी, जे काही असेल ते आधीपासून मंचावर दिसत राहिले पाहिजे.

त्या विलापगीताचीही एक जुनी तक्रार आहे. ते मेजर स्वरात, प्रसन्न चालीत आहे. हान्सलिकने १८५४च्या आपल्या ग्रंथात म्हटले की हीच चाल ‘सापडली’ अशा अर्थाच्या उलट शब्दांनाही तितकीच शोभेल. संगीताला स्वतःचा भावार्थ नसतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. आम्ही याचा उपयोग वेगळा करू. चाल दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणूनच ती कोणीकडे न्यायची हे मंचावरच्या वस्तूंवर सोपवलेले आहे. युरिडिसीचे शरीर मंचावर राहू दिले तर गीत प्रेताशी बोलते. ते काढून घेतले, रिकामी जागा ठेवली, तर गीत स्वतःशी बोलते. पहिल्या अंकातली कबर मागे पुन्हा दिसू लागली तर प्रसन्न चाल भीषण वाटू लागते.

शेवटच्या मंदिराचेही तेच. रंगसूचनेत ते भव्य आहे; बहुतेक प्रयोगांत आधीचे सारे पुसून ते वरून उतरते. आम्हांला विचाराल तर ते कबरीच्या जागीच उभारावे, तेच दगड वापरून, पायथ्याशी तिच्या नावाची शिळा तशीच ठेवून, आणि नाचणाऱ्यांना ती ओलांडून नाचावे लागेल अशा बेताने.